गुडघ्याचे मोजे

पहिली नी कॅप मी केमिस्टकडून घेतली. जोडी पण नाही, एकच, कारण दुखत होता फक्त उजवा गुडघा आणि म्हटलं उगाच दोनाचे पैसे कशाला घालवायचे. स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये लेकासाठी खोकल्याचं औषध घ्यायला गेले होते, काउंटरच्या मागे त्या मातकट रंगाच्या नी कॅपचे खोके रचलेले दिसले, तो म्हणाला साइझ काय, मी म्हटलं बघा ना तुम्हीच, त्यानं काउंटरवरून वाकून माझ्या लेगिंगकडे एक नजर टाकली आणि आतल्या पोऱ्याला ओरडून सांगितलं, लार्ज दे रे. झालं माप. त्यानंतरच्या दीड वर्षात त्या एका कॅपच्या वर दोन जोड्या झाल्या, एक फिजिओ झाली, धोबी तलावाच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि आता जिममधल्या नवीन मुली मलाच विचारतात की ताई गुडघ्याची स्लीव्ह (वजन उचलताना गुडघ्यावर चढवायची ती जाड रबरी नळी) कुठली घेऊ. एकदा सगळं लिहूनच टाकते, दर वेळी लॉकरसमोर उभं राहून तेच तेच सांगायचा कंटाळा आला.

माझं थोडं सांगते. वय ४१, राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टला. वजन उचलायला लागले ते ३८ व्या वर्षी, म्हणजे तोवर झुंबा, चालणं, दर जानेवारीत सूर्यनमस्कार आणि दर फेब्रुवारीत काहीच नाही अशी परिस्थिती. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात रौप्य मिळवलं ना, एकूण २४८ किलो, आणि कोपर दुखावलेलं असताना तिसऱ्या प्रयत्नाला परत येऊन उभा राहिला, ते मी घरी टीव्हीवर बघत होते आणि माझ्या मनात आलं की आपण आजवर जड म्हणून जे काही उचललंय ते म्हणजे गॅसचा सिलिंडर, तोही ढकलत ढकलत. पुढच्याच आठवड्यात जिम लावली. ऑलिम्पिक लिफ्टिंग वगैरे नाही हं, साधं आपलं स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका), बेंच (आडवं पडून छातीवरून बार ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं). पण मला ते फारच आवडलं. स्क्वॉट तर इतका आवडला की तिथंच घोळ झाला, ते पुढे येईल.

तर दुखणं. खाली बसताना नाही, वर येताना, अर्ध्यावर, वाटीच्या आत कुठंतरी बोथट कळ. जिने चढताना काही नाही, उतरताना जास्त. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोकलमध्ये. डोंबिवलीकरांना माहितीये की सकाळच्या गाडीत बसायला मिळणं म्हणजे काय असतं, आणि मला नेमकं सीट मिळाली की दुखायचं, तासभर पाय दुमडून बसलं की सीएसएमटीला उठताना पहिली चार पावलं लंगडत. उभ्यानं आले तर काही नाही. म्हणजे देवानं बरोबर जागा बघून जिरवली.

आता त्या केमिस्टच्या कॅपचं. ती विणलेली, पातळ, इलॅस्टिकसारखी. घरात फिरायला, जिना उतरायला ठीक असेल, पण स्क्वॉट करताना दुसऱ्या रेपलाच, म्हणजे दुसऱ्या बैठकीलाच, वरचा काठ गुंडाळी होऊन खाली यायचा आणि पाचव्या रेपला ती पोटरीवर जाऊन बसलेली असायची, शाळेतल्या सैल मोज्यासारखी. लेगिंगवरून घातली म्हणून सरकते असं वाटलं, मग आतून घातली, मग चार दिवसांत तिची वीणच सैल झाली. आमचा ट्रेनर, वय वर्षं २४, त्यानं एक दिवस ते बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे आजीचं आहे, तुम्हाला स्लीव्ह पाहिजे." मला जरा लागलंच ते. त्या रात्री मोबाइल घेऊन बसले.

मोबाइल घेऊन बसलं की काय होतं ते तुम्हाला माहितीये. रात्री अकरा ते दीड. त्यातून मला जे कळलं ते साधारण असं की वजनवाल्या लोकांची स्लीव्ह नियोप्रीनची असते, हे एक कृत्रिम रबर, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं १९३० च्या दशकात बाजारात आणलेलं, पाणबुडे जो अंगाला चिकटून बसणारा सूट घालतात तो पण याचाच. त्याचा फोम असतो, आत बंद बुडबुडे, त्यामुळे ऊब बाहेर जात नाही आणि घामही बाहेर जात नाही (या दुसऱ्या गोष्टीबद्दल त्या रात्री कुणीच काही सांगितलं नाही). जाडी तीन प्रकारची, ३ मिमी, ५ मिमी, ७ मिमी. ३ पळणाऱ्यांना आणि उड्या मारणाऱ्यांना, ५ सगळ्यांना, ७ जड स्क्वॉटवाल्यांना. आणि मग मी ते व्हिडिओ बघितले ज्यात एकेक दांडगा माणूस बेंचवर आडवा पडून, दात ओठ खाऊन, दोन मित्रांच्या मदतीनं स्लीव्ह वर ओढतोय, आणि खाली लोक लिहितायत की मापाच्या एक साइझ खालीच घ्या, तरच उपयोग.

मी विचार केला की एवढे सगळे म्हणतायत म्हणजे खरं असणार. माप घ्यायला सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप घेतली, वाटीच्या मध्यावर फिरवली, ३६.५ सेंमी. कंपनीच्या तक्त्यात ते मीडियममध्ये बसत होतं. एक साइझ खाली म्हणून स्मॉल. ७ मिमी. बावीसशे रुपये. क्लिक.

ती जोडी आली त्या दिवसाबद्दल मी घरी अजून पूर्ण खरं सांगितलेलं नाहीये.

संध्याकाळी जिमला गेले, लेडीज चेंजिंग रूममध्ये बसले आणि ओढायला सुरुवात केली. पोटरीच्या फुगवट्यापर्यंत आली आणि थांबली. पुढे जाईना, मागे येईना. मी उभी राहिले, बसले, भिंतीला पाय लावून ओढली, एक नख तुटलं. शेवटी एका मुलीनं, ती स्पर्धा वगैरे खेळणारी आहे, तिनं पिशवीतून डी-मार्टची प्लास्टिकची पिशवी काढली, म्हणाली पाय आधी पिशवीत घाला, मग वरून स्लीव्ह घाला, सरकते, मग पिशवी पायाच्या बोटांकडून ओढून काढायची. खरंच सरकली. दोन्ही चढवायला वीस मिनिटं लागली आणि तोवर माझा वॉर्मअप, वर्कआउट आणि उत्साह सगळं तिथंच संपलेलं होतं. तरी बाहेर आले. बार खांद्यावर घेतला, खाली गेले, आणि मागून गुडघ्यात इतका गोळा झाला रबराचा की मांडी पोटरीला टेकायच्या आधीच काहीतरी अडकल्यासारखं. वर मात्र भसकन आले, ते मान्य करायला हवं, खालून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटलं. तिसऱ्या सेटला नडगीला मुंग्या यायला लागल्या. चौथ्याला पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा. काढायला गेले तर घामानं आतून चिकटलेली, उलटी करून सालासारखी सोलून काढावी लागली, आणि काढल्यावर दोन्ही मांड्यांवर गुडघ्याच्या वर लालभडक वळ, गाडीच्या टायरसारखे, ते दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या वेळेपर्यंत दिसत होते.

नवऱ्याला सांगितलं, "थोडी टाइट आहे."

असो. मी ती आणखी तीन आठवडे वापरली, कारण बावीसशे रुपये. आणि इथं खरी गंमत अशी झाली की स्लीव्ह घातली की दुखायचं कमी, म्हणून मी वजन वाढवत गेले, आणि घरी आल्यावर रात्री गुडघा ठणकायचा. जिममध्ये कमी, घरी जास्त. मला वाटायचं स्लीव्हचा उपयोग होतोय, फक्त घरी पण घालायला पाहिजे बहुतेक. इतकी मी हुशार.

शेवटी फिजिओकडे गेले. डोंबिवलीतच, माझ्याच वयाची बाई, बोलायला तिखट. तिनं आधी काही न बघता विचारलं, गेल्या दोन महिन्यांत काय काय वाढवलंस. मी अभिमानानं सांगितलं, स्क्वॉट ४५ वरून ६२.५ वर. शिवाय? शिवाय शुक्रवारी लंजेस, म्हणजे एक पाय पुढे टाकून खाली बसणं, सुरू केलेत. शिवाय? शिवाय ऑफिसची लिफ्ट बंद आहे, चार मजले. ती म्हणाली, "म्हणजे सहा महिन्यांचं काम सहा आठवड्यांत उरकलंस आणि आता गुडघ्यावर केस करायला आलीस." मग एका ठेंगण्या स्टुलावर उभं करून एका पायावर हळूहळू दुसरी टाच जमिनीला टेकवायला लावली. डावा नीट. उजवा पाय थरथरत आत वळला आणि कळ आली, तीच, वाटीच्या आत. तिनं सांगितलं हे पटेलोफिमोरल दुखणं आहे, म्हणजे वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या भागावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार पडतोय, फाटलं-तुटलं काही नाही, एमआरआय नको. थिएटरात सिनेमाला बसून उठताना दुखतं म्हणून याला सिनेमावरूनच एक टोपणनाव पण आहे म्हणे. मी म्हटलं माझ्याकडे लोकलवरून ठेवा.

स्लीव्ह तिला दाखवली. तिनं बोटानं काठ ताणून बघितला आणि हसली. मग तिनं एक गोष्ट करून दाखवली जी मला फार आवडली. म्हणाली डोळे मीट. माझा उजवा पाय धरून थोडा वाकवला, परत सरळ केला, आणि म्हणाली आता तूच डोळे मिटून तेवढाच वाकव. मी वाकवला. उघड डोळे. भलतीकडेच. मग गुडघ्यावर तिच्याकडची एक साधी, मापाची स्लीव्ह चढवून तेच परत. या वेळी बरंच जवळ. तिचं म्हणणं असं की कातडीवर सगळीकडून सारखा दाब आला की गुडघा कुठं आहे, किती वाकलाय, याची जाणीव जरा वाढते, वर ऊब मिळते, आणि या दोन्हींमुळे दुखणं थोडं मागे सरतं, बास, एवढंच हिचं काम. जाड आणि घट्ट असली तर खालून थोडी उसळी पण मिळते, पण ती उसळी म्हणजे तुझे स्नायू नाहीत. "तुला दुखणं कळत नव्हतं म्हणून तू वाढवत गेलीस, आणि मुंग्या येत होत्या तरी काढली नाहीस, त्याचं मला जास्त आश्चर्य वाटतंय." मी बावीसशे रुपयांचं कारण सांगितलं नाही.

मग सहा आठवडे. स्क्वॉट ४० किलोवर, खाली जाताना तीन मोजत. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, ४५ सेकंद, पाच वेळा. एका जाड रबरी बँडचा फास खांबाला बांधून गुडघ्यांच्या मागून घ्यायचा आणि मागे रेलून बसायचं, याला स्पॅनिश स्क्वॉट म्हणतात, दिसायला बैल दाव्याला ओढ देतोय तसं दिसतं. तोच स्टुलावरून टाच टेकवायचा प्रकार रोज. आणि या सगळ्यात स्लीव्ह नाही, काहीच नाही, उघडे गुडघे. जिममध्ये सगळे ८०, ९० करतायत आणि आपण ४० किलो घेऊन मनात एक, दोन, तीन मोजतोय, हे फार अपमानास्पद वाटतं पहिले दोन आठवडे. नंतर सवय होते. चौथ्या आठवड्यात एकदा खिडकीजवळची सीट मिळाली, सीएसएमटीला उठले, चालायला लागले, सबवेच्या पायऱ्या उतरून गेल्यावर लक्षात आलं की अरे, दुखलं नाही.

हां, मापाचं राहिलं, तो मुख्य विषय आहे खरंतर. फिजिओनं तिच्या टेपनं माप घेतलं तर वाटीच्या मध्यावर ३७.५. मी म्हटलं शक्यच नाही, ३६.५ आहे, मी स्वतः घेतलंय. ती म्हणाली सूज नाहीये, वजन वाढलंय का? वजन तर तेवढंच. घरी येऊन लेकाच्या कंपासपेटीतली पट्टी काढली आणि सासूबाईंची टेप तिच्याशेजारी ठेवली. पट्टीवर ३० सेंमी, टेपवर २९ च्या जरा पुढे. टेप ताणून ताणून लांबली होती! आकडे एकमेकांपासून लांब गेलेले, म्हणून माप कमी दाखवत होती. सासूबाईंना विचारलं, आई, ही टेप कधीची आहे हो, तर त्या म्हणाल्या, "अगं रुखवतात मशीन आलं ना, त्याच्याबरोबरची." त्यांचं लग्न १९७९ चं. म्हणजे खरं माप लार्जला टेकलेलं, लांबलेल्या टेपनं मीडियम दाखवलं, त्यातून मी व्हिडिओतल्या दांडग्यांचं ऐकून स्मॉल घेतली. त्यांना म्हटलं आई, मग गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं तुम्ही शिवलेले ब्लाउज? त्या म्हणाल्या, "मी मापाच्या ब्लाउजवरून शिवते, टेप नुसती गळ्यात."

आता नव्या मुलींना मी सांगते ते असं. टेप नवीन घ्या, वीस रुपयांना मिळते. माप सकाळी घ्या, उघड्या कातडीवर, व्यायामानंतर नाही, दिवसभर उभं राहून आल्यावर नाही. दोन्ही पायांचं घ्या, फरक असतो. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक कंपनी वेगळ्या ठिकाणी मोजायला सांगते, कुणी वाटीच्या मध्यावर, कुणी वाटीच्या खाली १० सेंमी पोटरीवर, कुणी वरती मांडीवर पण, कुणी पाय सरळ ठेवून तर कुणी जरासा वाकवून, त्यामुळे एका कंपनीचं मीडियम म्हणजे दुसरीचं मीडियम अजिबात नाही. माझं मध्यावर ३७.५, खाली पोटरीवर ३५, वर मांडीवर ४४. आम्हा बायकांचं बऱ्याचदा असं होतं, मांडीचा घेर गुडघ्याच्या मानानं जास्त, तक्ता मात्र सगळ्यांना एकच. मग गुडघ्याला नीट बसणारी स्लीव्ह वरच्या काठाला करकचून बसते. म्हणून शक्य असेल तर घालून बघून घ्यावी, फोटो बघून नाही.

त्यासाठी धोबी तलाव. माझं ऑफिस फोर्टला, लंच टाइममध्ये चालत जाता येतं, मेट्रो सिनेमाच्या आसपास ती सगळी खेळाच्या सामानाची दुकानं, बॅटा टांगलेल्या, कॅरम भिंतीला लावलेले, ट्रॉफ्यांवर धूळ. पहिल्या दिवशी गेले तर कुर्ता आणि लेगिंग घालून, आणि ती लेगिंग गुडघ्याच्या वर जाईना, ऑफिसच्या लेगिंग कशा असतात. दुकानातले काका म्हणाले, "ताई, असं नाही चालणार, चामडीवर घालायला पाहिजे, उद्या या." दुसऱ्या दिवशी आत शॉर्ट घालून, वरून सैल पलाझो, आणि दुकानाच्या मागच्या बाजूला पॅडच्या ढिगाआड जाऊन बदलून आले.

काकांनी तीन काढल्या. पहिलीचा वास घ्यायला लावला. "नाकानं बघा आधी, लिहितात सगळे नियोप्रीनच." पहिलीला भर्रकन टायरच्या दुकानाचा वास. दाबली तर दगडासारखी, दाबलेली जागा परत वर यायला वेळ लागत होता. दुसरी मऊ, दाबून सोडली की लगेच वर. मग शिवण दाखवली, आतून उलटी करून. एकीला मागे सरळ एकच शिवण, अगदी गुडघ्याच्या मागे जिथं घडी पडते तिथून गेलेली, आणि हाताला लागणारी. दुसरी चार तुकड्यांची, आधीच थोडी वाकलेल्या गुडघ्याच्या आकाराची, शिवणी बाजूंना आणि चपट्या. मला गुडघ्यामागे पुरळ आलं होतं आधीच्या जोडीनं, ते मी सांगितलं नव्हतं, पण ही शिवण बघितल्यावर लगेच कळलं कुठून आलं ते. (काहींना रबरातल्या रसायनांचीच ॲलर्जी असते, मग पुरळ सगळ्या गोलात येतं, तसं असलं तर शिवण बदलून उपयोग नाही, डॉक्टरला दाखवा.)

५ मिमी लार्ज घातली. अर्धी खाली दुमडायची, वाटीच्या खालपर्यंत आणायची, मग दुमड वर उलटायची, ही युक्ती काकांनी शिकवली, माणूस स्वतः क्रिकेटवाला पण हे माहीत. अर्ध्या मिनिटात चढली. वरच्या काठात एक बोट जेमतेम जात होतं. आता बसून बघा, म्हणाले. इथं? मग कुठं. तर मी धोबी तलावाला दुकानाच्या मधोमध, एका बाजूला बॅटांचा स्टँड, दुसऱ्या बाजूला एक बाप आणि त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा हेल्मेट बघतायत, पलाझो हातात गोळा करून दहा बैठका मारल्या. त्या मुलानं बापाला विचारलं, "पप्पा, हे कुठलं पॅड आहे?" सरकली नाही, मागे थोडा गोळा होतो पण अडत नाही. ७ मिमीची पण घालून बघितली, ती लार्ज घट्ट आणि एक्स्ट्रा लार्ज मांडीला बरोबर पण वाटीवर सैल, म्हणजे माझ्या पायाचा आकारच तिला मान्य नाही. ५ मिमी घेतली. सोळाशे पन्नास. मी दीड हजार म्हटलं, काका सोळाशेवर आले आणि वर एक कॅरम पावडरचा डबा फुकट देत होते, आमच्याकडे कॅरम नाही.

जाडीबद्दल माझं मत आता पक्कं आहे. आपल्यासारख्या आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करणाऱ्यांना ५ मिमी पुरते. जिममध्ये दोन मुलं स्नॅच-क्लीन करतात, म्हणजे ते ऑलिम्पिक लिफ्टिंग, ती पण ५ च घालतात, कारण त्यांना अगदी तळापर्यंत बसायचं असतं आणि ७ मिमी मागे चोंदते. ती प्लास्टिकच्या पिशवीवाली मुलगी पॉवरलिफ्टिंगच्या (स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्टच्या) स्पर्धा खेळते, तिच्याकडे परदेशी, साडेआठ हजारांची ७ मिमीची जोडी आहे, आणि तिला ती लागतेच, कारण तिथं नियम असतात, आयपीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग संघटनेच्या, नियमात स्लीव्ह जास्तीत जास्त ७ मिमी जाड आणि ३० सेंमी लांब, आणि मान्य केलेल्या यादीतली. ते गुंडाळायचे लांब पट्टे असतात, नी रॅप्स, दोन मीटरचे, ते वेगळे, त्यांची उसळी स्लीव्हपेक्षा कितीतरी जास्त, आणि क्लासिक गटात, म्हणजे उसळी देणाऱ्या खास कपड्यांशिवाय खेळतात त्यात, ते चालतच नाहीत. मी तिची जोडी एकदा घालून बघितली, आमचं माप जवळपास सारखं आहे. ७० किलो फार हलकं वाटलं. आता ते स्लीव्हनं वाटलं की साडेआठ हजारांनी, सांगता येणार नाही.

घालते कधी? वॉर्मअपला नाही. रिकामा बार, ३०, ४० पर्यंत उघडे गुडघे, म्हणजे काही कुरकुर असेल तर आधी ऐकू येते. ५० च्या पुढे वर चढवायची, सेट झाला की खाली पोटरीवर ढकलायची. डेडलिफ्टला अजिबात नाही, बार वर येताना स्लीव्हच्या काठाला अडतो आणि काठ उसवतो, माझ्या उजव्या स्लीव्हचा थोडा उसवलाच आहे. बेंच करताना कशाला घालतात ते मला कळलेलं नाही पण एक जण घालतो. सध्या ७२.५ किलोचे पाच रेप्स होतात. मधे कधी उजव्यात करकर असा आवाज येतो, फिजिओ म्हणाली दुखत नसेल तर वाजू दे.

राहता राहिला वास. हे आधी कुणी सांगत नाही. रबर घाम पीत नाही, पण त्याला आतून-बाहेरून जे कापडाचं अस्तर असतं ते पितं, आणि बॅगेत रात्रभर राहिली की दुसऱ्या दिवशी बॅग उघडली तर बाजूची बाई सरकून बसते. लेडीज डब्यात, विचार करा. मशीनमध्ये धुवायची नाही, गरम पाणी नाही, कडक उन्हात नाही, रबर कडक होऊन भेगाळतं. गार पाण्यात हातानं, उलटी करून, सावलीत पंख्याखाली. उन्हाळ्यात एका दिवसात वाळते. जुलैत डोंबिवलीत तीन दिवस. मी व्हिनेगर घालून भिजवत होते तर सासूबाई म्हणाल्या घरभर लोणच्याचा वास सुटलाय, आणि त्यांनी रिठ्याचं पाणी करून दिलं, आता त्यातच धुते.

त्यावरूनच त्यांचं लक्ष गेलं तिच्याकडे. पावसाळ्यातली एक दुपार, दोरीवर जोडी टांगलेली, त्यांनी हात लावून बघितला, म्हणाल्या, "हे गुडघ्याचे मोजे उबदार आहेत गं." त्यांचे गुडघे गेली दहा वर्षं झिजलेले, जिना उतरताना कठडा धरून आडव्या उतरतात. ती केमिस्टची कॅप मी त्यांना आधी दिली होती, ती त्यांनाही घसरायचीच. मी फिजिओला विचारून घेतलं, ती म्हणाली चालताना, बाहेर जाताना घालू देत, झोपताना नको, घट्ट नको. आईंचं माप घेतलं, नव्या टेपनं, तर मध्यावर ३७. माझी जोडी त्यांना काठाला आणखी जराशी सैल, पण त्यांना कुठं स्क्वॉट करायचाय.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचे असं ठरलंय. नऊवारीच्या आत काही दिसत नाही. या आठवड्यात पाऊस लागून राहिलाय, काल मंगळवारी संध्याकाळी मी ऑफिसमधून निघत होते तेव्हा त्यांचा फोन आला, मला वाटलं लेकाचं काहीतरी असेल.

"अगं ते मोजे अजून दमट आहेत. मला गणपतीच्या देवळात जायचंय. इस्त्री फिरवली तर चालेल का?"